हसा, पण विनोद नको

जपानमधल्या यामागाता प्रांताने २०२४ च्या जुलैत नियमच करून टाकला: प्रत्येकाने दिवसातून निदान एकदा हसावं. दर महिन्याची ८ तारीख हसण्यासाठी राखीव. मालकांनी कामाच्या ठिकाणी हसतंखेळतं वातावरण ठेवावं. न हसल्यास दंड नाही, कैद नाही, नुसती सरकारी इच्छा. तरीही विरोधकांनी हरकत घेतलीच. हसणं किंवा न हसणं हा घटनेने दिलेल्या स्वातंत्र्याचा भाग आहे, आणि आजारपणामुळे ज्यांना हसता येत नाही त्यांनी काय करायचं, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. मला कुतूहल एवढंच, की ही चर्चा चालू असताना सभागृहात कोणी हसलं का.

नियमामागे आधार आहे तो यामागाता विद्यापीठाच्या पाहणीचा. चाळिशी ओलांडलेल्या १७ हजारांहून अधिक लोकांना ‘तुम्ही मोठ्याने किती वेळा हसता?’ असं विचारलं आणि पुढे काही वर्षं त्यांचा माग ठेवला. महिन्यातून एकदाही न हसणाऱ्यांत, आठवड्याला एकदा तरी हसणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. आता माणूस हसत नव्हता म्हणून गेला, की जायच्या वाटेवर होता म्हणून हसत नव्हता? संशोधक हे तपासायची धडपड तरी करतात. सरकारांना तेवढी सवड नसते.

आपल्याकडे असा जीआर निघाला तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. आधी समिती, मग पोर्टल, मग पोर्टल बंद. पेन्शनर मंडळींना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतोच, त्याला हसल्याचा दाखला जोडावा लागेल. खरं तर आपण जिवंत आहोत हे खिडकीपलीकडच्या माणसाला पटवून देताना ज्याला हसू आलं, त्याच्याकडे दुसरा पुरावा मागायचं कारण नाही.

पण जपानला नावं ठेवायचा आपल्याला फारसा हक्क नाही. हसण्याला औषधाच्या बाटलीत भरण्याचा उद्योग सुरू झाला तो मुंबईत. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी चार-पाच माणसं गोळा केली आणि हास्यक्लब काढला. त्यांनी अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्सची गोष्ट वाचली होती. १९६४ मध्ये कझिन्सला सांध्यांच्या असह्य दुखण्याने गाठलं. तो रुग्णालयातून उठला, हॉटेलात जाऊन राहिला आणि मार्क्स बंधूंचे विनोदी चित्रपट बघत सुटला. दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेविना झोप लागते, असा त्याचा हिशोब. ‘क’ जीवनसत्त्वाचे जंगी डोसही तो सोबत घेत होता, पण ते भाषणात कोणी सांगत नाही. भाषणात मार्क्स बंधू बरे दिसतात.

तर लोखंडवालात सुरुवातीला रोज सकाळी विनोद सांगितले जात. दोनेक आठवड्यांत साठा आटला. मग जे शिल्लक राहतात ते निघू लागले: चावट, बायकांवरचे, अमुक जातीवरचे, तमुक प्रांतावरचे. लोक दुखावले, काहींनी यायचं बंद करू म्हणून बजावलं. डॉक्टरांनी यावर जो तोडगा काढला त्याला माझा दंडवत. त्यांनी विनोद काढून टाकला आणि हसणं ठेवलं. टाळ्या वाजवा, हात वर करा, ‘हो हो हा हा हा’ म्हणा. शरीराला खऱ्या-खोट्या हसण्यातला फरक कळत नाही, असं सूत्र मांडलं. आज शंभराहून जास्त देशांत हे क्लब असल्याचं सांगतात. १९९८ मध्ये मुंबईतच पहिला जागतिक हास्यदिन झाला, आता तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. पुण्यातल्या बागांमध्ये तर सकाळी सहा ते आठ या वेळात विनाकारण न हसणारा माणूस संशयास्पद वाटतो.

अवघ्या दोन आठवड्यांत एका बागेतल्या मूठभर सुशिक्षित माणसांचे, कोणालाही न दुखावणारे विनोद संपले. आपल्या विनोदाच्या तिजोरीचं इतकं प्रामाणिक ऑडिट आजवर कोणी केलेलं नाही. आणि विनोद संपल्यावर आपल्याला सुचलं काय? नवे विनोद रचावेत, असं नाही. विनोदच नको.

शरीराला फरक कळत नसेल, शेजाऱ्यांना कळतो. कुर्ल्यात तलावाकाठी भरणाऱ्या एका हास्यक्लबाविरुद्ध लगतच्या एका ज्येष्ठ रहिवाशाने थेट मुंबई उच्च न्यायालय गाठलं होतं. पहाटे खिडकीखाली सामूहिक ‘हा हा हा’ सुरू झाल्यावर घरातल्यांचं स्वास्थ्य बिघडतं, अशी तक्रार. न्यायालयाने ती हसण्यावारी नेली नाही, पोलिसांना लक्ष घालायला सांगितलं. म्हणजे एकाच तलावाच्या काठावर काही ज्येष्ठ नागरिक हसून रक्तदाब उतरवत होते आणि तेच हसू ऐकून दुसऱ्या ज्येष्ठ नागरिकाचा चढत होता. सरासरी काढली तर परिसराची प्रकृती जैसे थे.

आता विज्ञान. मेरिलँड विद्यापीठात डॉ. मायकेल मिलर यांनी २००५ च्या सुमारास लोकांना एक विनोदी चित्रपट आणि एक युद्धपट दाखवून दंडातल्या रक्तवाहिन्या मोजल्या. हसताना रक्तप्रवाह सरासरी २२ टक्के वाढला, युद्ध बघताना ३५ टक्के घटला. हसण्याचा प्रसार करणाऱ्या प्रत्येक भाषणात हे आकडे येतात. माणसं होती २०. एवढ्यांत आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा कोरम जेमतेम होतो. दुसऱ्या एका अमेरिकन प्रयोगात दहा-पंधरा मिनिटं हसण्याने १० ते ४० कॅलरी जळतात असं निघालं. एक बटाटेवडा हसून जिरवायचा तर तास-दीड तासाची निश्चिंती. तेवढं हसल्यावर पुन्हा भूक लागते ते वेगळं.

चीनमध्ये तर डोळे कोरडे पडणाऱ्या २८३ जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांना डोळ्यांत घालायचे थेंब दिले, निम्म्यांना दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटं ‘ही ही ही’, ‘हा हा हा’, ‘चीज चीज चीज’ असं म्हणायला लावलं. आठ आठवड्यांनी हसणारे थेंबवाल्यांपेक्षा कमी पडले नाहीत. २०२४ मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापलं. प्रयोग चांगला होता, माझी तक्रार नाही. फक्त लक्षात घ्या, इथेही कोणी कोणाला विनोद सांगितला नाही. चीज मात्र होतं.

याच जर्नलने २०१३ च्या नाताळ अंकात हसण्याच्या दुष्परिणामांची यादी दिली होती. जबडा निखळणे, दम्याचा झटका, हर्निया, भोवळ. आणि एक दुखणं ज्याबद्दल बागेतल्या भाषणांत कोणी चकार शब्द काढत नाही: हसता हसता लघवीचे थेंब जाणे. बाळंतपणं झालेल्या, साठी उलटलेल्या कितीतरी बायका लग्नकार्यात हसण्याच्या ऐन वेळी तोंडाला पदर लावतात, तेव्हा तो संकोच चेहऱ्याचा नसतो. हास्ययोगाआधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे दोन व्यायाम शिकवले तर अर्ध्या आज्या मोकळेपणाने हसतील. पण मंचावरून ‘हसा आणि लठ्ठपणा घालवा’ म्हणणं सोपं असतं, हे म्हणायला जीभ रेटत नाही.

बायकांचं निघालंच आहे तर नॉर्वेला जाऊ. तिथे स्वेबाक नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी पन्नास हजारांहून जास्त लोकांचा पंधरा वर्षं माग ठेवला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. ज्या बायकांना विनोद पटकन कळतो त्यांच्यात हृदयविकाराने, जंतुसंसर्गाने, एकूणच कुठल्याही कारणाने होणारे मृत्यू कमी. पुरुषांना फायदा फक्त जंतुसंसर्गापुरता. आणि हे सगळं वयाच्या ८५ पर्यंतच. यातली खरी मेख अशी, की फायदा दिसला तो विनोदाच्या ‘समजे’चा. कोण किती हसतमुख आहे, कोण चारचौघांत किती हास्यविनोद करतो, याचा आयुष्याशी तसा धागा लागला नाही. म्हणजे यामागाता म्हणतं मोठ्याने हसा, नॉर्वे म्हणतं आधी कळू द्या. आणि आपण बागेत हात वर करून नेमकं तेच वगळलंय जे नॉर्वेत उपयोगी पडलं.

त्यात हा लाभ बायकांना जास्त! ज्यांना आपण पिढ्यान् पिढ्या बजावत आलो, की दात दाखवू नकोस, खिदळू नकोस, माजघरातलं हसू ओसरीवर येता कामा नये. साठ वर्षं दाबून ठेवलेलं हसू पासष्टाव्या वर्षी डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात, ‘सकाळी, अनशापोटी’. तेव्हा त्या बिचारीला काढा घ्यावा तसं ते घ्यावं लागतं.

आपल्याकडे बाईच्या हसण्याचा धसका जुना. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला आणि द्रौपदी हसली, त्यातून महाभारत झालं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मूळ कथेत त्या प्रसंगाचं वर्णन येतं तिथे हसतो तो भीम, हसतात ते नोकरचाकर. द्रौपदी हसल्याचं सांगतो कोण? दुर्योधन, घरी जाऊन बापापुढे रडगाणं गाताना. भीमाचं हसू विसरलं गेलं, तक्रारदाराचा जबाब टीव्हीपर्यंत पोचला. एवढ्या अक्षौहिणी सेना मारून वर खापर एका हसण्यावर फोडायचं, आणि मग त्याच लेकीसुनांना सांगायचं, हसत राहा गं, हृदयाला चांगलं असतं.

हसवणाऱ्यांचं काय होतं? हाही अभ्यास करून बघितला. बाळकराम या नावाने महाराष्ट्राला हसवणारे राम गणेश गडकरी १९१९ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी गेले. लक्ष्मीकांत बेर्डे पन्नाशीत. पु. ल. ऐंशी वर्षांचे झाले, पण शेवटची वर्षं कंपवाताशी झगडण्यात गेली. द. मा. मिरासदारांनी मात्र ९४ गाठलं, आणि व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी २०२५ च्या जुलैत चक्क शंभरी पूर्ण केली. फडणीसांच्या चित्रांत बहुधा शब्द नसतात. निष्कर्ष काढायचाच तर असा: हसवा, पण तोंड बंद ठेवून. पाच माणसांवरून निष्कर्ष काढतोय असं म्हणाल, तर मेरिलँडपेक्षा पंधराच कमी आहेत.

गंभीर हवं असेल तर तेही आहे. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून कॅलिफोर्नियातल्या सुमारे दीड हजार हुशार मुलांच्या नोंदी ठेवल्या. पुढे हॉवर्ड फ्रीडमन आणि मंडळींनी १९९३ मध्ये हिशोब मांडला, कोण किती जगलं. लहानपणी आईबापांनी आणि शिक्षकांनी आनंदी, विनोदी म्हणून वाखाणलेली मुलं सरासरीने लवकर गेली. जास्त जगली ती नेमकी, नेटकी, जबाबदारीने वागणारी. म्हणजे सगळ्यांच्या वह्यांना कव्हरं घालणारा मॉनिटर उरला आणि मागच्या बाकावरचा नकलाकार आधीच निघून गेला. हा अभ्यास हास्यदिनाच्या मिरवणुकीत फलकावर का येत नाही, हे सांगायला नको. समर्थांनी विनोदाची आवड टवाळांच्या खात्यावर टाकली होती; कॅलिफोर्नियाने त्याला आकडेवारी जोडली.

मग हसण्याचा उपयोग नाहीच म्हणता? तसं नाही. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी दाखवलंय, की चारचौघांत मनापासून हसल्यावर माणसाची वेदना सोसायची ताकद वाढते. रॉबर्ट प्रोव्हाइन हा संशोधक दुकानांत आणि रस्त्यांवर लोकांची हसणी चोरून टिपत हिंडला; त्याला आढळलं, की माणूस एकट्यापेक्षा सोबतीत तीसपट जास्त हसतो, आणि बहुतेक हशांच्या आधी विनोद म्हणावं असं काही घडलेलंच नसतं. ‘चला, निघते मी’ एवढ्यावरही बायका हसतात. इथे हास्यक्लबाला माझे पैकीच्या पैकी गुण. सकाळी साडेसहाला आंघोळ करून, स्वेटर घालून, कोणीतरी आपली वाट बघतंय म्हणून म्हातारा माणूस घराबाहेर पडतो, ही गोष्ट ‘हो हो हा हा’ पेक्षा मोठी. खरा विनोद तर व्यायाम संपल्यावर अमृततुल्यच्या बाकड्यावर सुरू होतो. तिथे कोणाची कवळी, कोणाची सून आणि कोणाचा मूतखडा, काहीही सुटत नाही. त्याला कोणी योग म्हणत नाही म्हणून तो अजून शाबूत आहे.

घरी मात्र त्या माणसाला तोच विनोद सांगायची सोय नाही. ‘बाबा, हा सांगून झालाय.’ झालाय खरा, १९८६ पासून होतोय. पण नातवंडं हेडफोन लावून स्वतःशी खिदळतात तेही काही दर वेळी नवं नसतं. मग बाबा मोबाइल उघडतात आणि बायकोवरचे चार विनोद ‘सुप्रभात मंडळ’ गटात ढकलतात. लोखंडवालाला ज्या विनोदांनी दोन आठवड्यांत घाबरवलं, ते सगळे तिथे सुखाने निवृत्त जीवन जगताहेत.

विनोदाला आपण घाबरतो ते उगाच नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत अटक झाली, कलम राजद्रोहाचं. मार्च २०२५ मध्ये विनोदवीर कुणाल कामराच्या एका विडंबनगीतावरून, ज्या ठिकाणी कार्यक्रमाचं चित्रण झालं होतं तो खारमधला स्टुडिओ शिवसेनेच्या शिंदे गटाच्या कार्यकर्त्यांनी फोडला. मंत्री लोक हास्यदिनाच्या फ्लेक्सवर हसताना दिसतात ते पाहून मला म्हणून धीर येत नाही. हसणं तब्येतीला चांगलं, हे सगळ्या पक्षांना मान्य आहे. कशाला हसायचं, याची यादी तेवढी त्यांच्याकडे आहे. आणि बागेतल्या हसण्यावर कुठल्याच पक्षाचा आक्षेप का नसतो, तेही यातून कळतं. ‘हा हा हा’ला कर्म नाही, कर्ता बहुवचनी, गुन्हा नोंदवायचा तर कशाबद्दल?

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. वय ८८. मुलगा बँकेतून निवृत्त झालेला, रोज पांढरे बूट घालून बागेत हसायला जातो. तो परततो तेव्हा यांचा चहा चालू असतो आणि दार उघडं.

“काय रे, आज काय झालं हसायला?”

“काही झालं नाही, आई. तसंच हसतो आम्ही.”

“तसंच म्हणजे?”

“म्हणजे हात वर करून.”

“किती जण?”

“असतील तीस-पस्तीस.”

“आणि एकालाही कारण ठाऊक नाही?”

“कारण नसतंच गं. तब्येतीसाठी असतं ते.”

आजी कप खाली ठेवतात आणि मग त्यांना जे हसू फुटतं ते जिन्यापर्यंत ऐकू येतं. कवळी हलते, डोळ्यांना पदर लागतो, चहा गार होतो. जरा थांबतात, मुलाच्या बुटांकडे बघतात, पुन्हा सुरू. मुलगा घाबरतो. तो सगळं वाचतो, नॉर्वेपर्यंत.

“आई, पुरे आता. पंच्याऐंशीच्या पुढे त्याचा फायदा नसतो.”